सारिकाचे गाल आणि एक मूठ गहू

८ जून, रविवार

हेमांगी म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस, त्यातलं थोडं या डायरीत बोल, म्हणजे माझा बारावीचा अभ्यास होईल. डायरी खताच्या दुकानाची आहे, पानापानावर कपाशीचं बोंड छापलंय. माझं शिक्षण चौथी, शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात. चौथीचा निकाल बघायला गेले नाही, त्या दिवशी आमची म्हैस व्यायली होती. तेव्हा अक्षर वेडंवाकडं येईल. वाचणारं कोण आहे म्हणा.

आज सारिका, माझी सून, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, मी चेहऱ्याचं करून घेणार आहे." मला वाटलं पार्लरचं काही असेल, म्हटलं कर की. तर म्हणे तसं नाही, दवाखान्यात. पोटावरची चरबी काढतात आणि गालात, डोळ्यांखाली भरतात. आपलीच आपल्याला.

मी म्हटलं, "तुझ्या पोटावर चरबी आहे कुठे? माझी घे. जळगाव शहराला पुरेल."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी हे लिहून ठेवतेय. गोरीपान होती लग्नात, गाल असे की माझी नणंद म्हणायची, वहिनी, सून आणली की सफरचंद आणलं. आता चाळिशी आली नाही तोच गाल बसले, डोळ्यांखाली खड्डे. शाळेत शिकवते, घरचं करते. भूपेंद्र माझा एकुलता एक, नरडाण्याला कंपनीत आहे, तिथेच खोली करून राहतो. पहिले दर रविवारी यायचा. आता कामाचा लोड वाढलाय त्याच्यावर.

आबांना सांगितलं. आबा म्हणजे हेमांगीचे आजोबा, माझे हे. धुळे डेपोला कंडक्टर होते. पेपरातून मान न काढता म्हणाले, "तिना चेहराले काय व्हयेल शे?" मग पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "करू दे. तिले करू दे."

१३ जून, शुक्रवार

सारिकाबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीण दिपमाला नावाची, धुळ्याची लेक, पोरगेलीच आहे पण हात स्थिर. मी आधीच सांगून टाकलं, "माझी घ्या हो, हिची कशाला काढता, ही आधीच काडी."

"आजी, दुसऱ्याची चालत नाही," ती म्हणाली. "शरीर ओळखतं. परकी असली की बाहेर टाकतं."

"मी परकी आहे का?"

"सासू म्हणून नाही," ती हसून म्हणाली, "चरबी म्हणून."

मग तिने नीट समजावलं. बारीक नळीने काढायची, धुवायची, गाळायची आणि सुईने थोडी थोडी भरायची. मला ते लोणी धुण्यासारखं वाटलं, ताक निघेपर्यंत धुवायचं. जेवढी भरली तेवढी राहत नाही. काही शरीर पिऊन टाकतं, काही तग धरते. काय राहिलं ते तीन महिन्यांनी कळतं.

सारिकाने मोबाइलमध्ये लग्नातला फोटो दाखवला. "असे गाल होतील का?"

डॉक्टरणीने फोटो मोठा करून पाहिला. तिच्याकडे पाहिलं. "ताई, चेहरा ताजा दिसेल. पण हा फोटो मी परत आणून देऊ शकत नाही. कोणी सांगितलं म्हणून करताय का?"

"नाही," सारिका म्हणाली. "कोणी काहीच सांगत नाही."

मी म्हटलं, कोण सांगणार, आमच्या घरी कोणी कोणाला बोलत नाही वाईट. ते खरंच आहे. शेजारची रत्ना आपल्या सुनेला काय काय बोलते, आमच्या भिंतीतून ऐकू येतं. मी सारिकाला कधी वाईट बोलले नाही.

२० जून, शुक्रवार

झालं. सकाळी नेली, दुपारी आणली. चेहरा सुजून भोपळ्यासारखा, कुठे निळा, कुठे जांभळा. पोटाला घट्ट पट्टा. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. मी तिला मऊ भात भरवला. तोंड उघडता येत नव्हतं. हेमांगी म्हणाली, "आजी, मला भरवत होतीस तेव्हा तुझं तोंड असंच उघडायचं." मला माहीत नव्हतं माझं तोंड उघडतं.

भूपेंद्रला फोन केला, उचलला नाही. रात्रपाळी असेल. हेमांगीला म्हटलं तू लाव, तुझा उचलेल. ती म्हणाली, "मी पप्पांना फोन करत नाही." या वयात पोरी अशाच करतात. भूपेंद्रसुद्धा बारावीला आबांशी बोलत नव्हता.

२७ जून

रत्ना डोकावून गेली. सारिकाचं तोंड बघून म्हणाली, "सुनेला मारलं का काय गं पुष्पाबाई?" मी म्हटलं, तुझ्या घरची पद्धत आमच्यात नाही. मग ती म्हणाली, "भूपेंद्रभाऊ दिसत नाहीत. नरडाण्याला घर केलं म्हणतात." मी म्हटलं घर नाही, खोली. ती नुसतं बरं म्हणाली आणि वाटी घेऊन गेली. साखर नेली होती, आणून दिलेली नाही.

१२ जुलै, शनिवार

सूज उतरली. आणि काय सांगू. आज सकाळी सारिका तुळशीला पाणी घालत होती, ऊन गालावर पडलं होतं, मी दारातच थांबले. डोळ्यांखालचे खड्डे गेले. सफरचंद नाही म्हणता येणार, पण पेरू तरी नक्की. आबांना बोलावून दाखवलं. आबा म्हणाले, "हं," आणि डोळे पुसत आत गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला सांगून थकले, ऐकत नाहीत.

सारिका आरशासमोर बराच वेळ होती. मला म्हणाली, "आई, कानबाईला येतील ना हे?"

म्हटलं, श्रावणात कानबाई देवी घरी बसते, त्या सणाला न येऊन सांगतो कोणाला. दुबईला गेलेलेसुद्धा येतात.

तिला अन्न जात नाहीये मात्र. दोनदा ओकारी झाली. गोळ्यांनी असेल.

२० जुलै, रविवार

आज आनंदाची बातमी.

दुपारी भूपेंद्रचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आई, रोटाचे गहू घेशील तेव्हा यंदा एक मूठ जास्त घे."

आमच्याकडे कानबाईच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. म्हातारा असो की पाळण्यातला, नाव घेऊन मूठ. आमच्या घरी आबांची आणि भूपेंद्रची. इतकी वर्षं दोनच. मुठीतून राहून गेलेला माणूस देवीच्या नजरेतून सुटतो म्हणतात, त्याच्या जिवाला बरं नाही. आणि त्या पिठाच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या म्हणजे रोट, ते घरच्यांनीच खायचे, बाहेर तुकडा जात नाही.

"कोणाची रे मूठ?" मी विचारलं.

"घे तू. देवीचं काम शे, राहायला नको." आणि ठेवला.

मी फोन हातात धरून बसले आणि मग एकदम उजेड पडला. सारिकाची ओकारी. पोटाला हात लावून बसणं. मे महिन्यात चुलत भावाच्या लग्नाला भूपेंद्र दोन दिवस राहून गेला होता. पोटातल्याची मूठ घेत नाहीत खरं म्हणजे, पण त्याचा आनंद मावत नसेल. मुलगाच आहे हे त्याला कसं कळलं, विचारू नये. हल्ली तपासायला बंदी आहे, पण बापाला आतून कळतं. डॉक्टरणीने ते सुईचं केलं तेव्हा तिलाही माहीत नसेल. देवीने सांभाळलं.

आबांना सांगितलं, एक मूठ वाढली.  "त्यानी सांगं?" म्हणाले. मी म्हटलं, हो, लाजत होता. आबांनी पाणी मागितलं. तांब्या भरलेला त्यांच्या पुढ्यातच होता.

२१ जुलै, सोमवार

पहाटेच डिंकाचे लाडू केले. सारिका शाळेतून आली तेव्हा तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, "मला कळलं."

"काय कळलं?"

"एक मूठ वाढणार ते."

तिचा चेहरा पांढरा पडला. नवीन गाल, त्यामुळे जास्तच पांढरा दिसला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"भूपेंद्रनेच. फोनवर."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. घेते म्हणाले."

"तुम्हाला आनंद झाला, आई?"

"नको होऊ? हेमांगीच्या पाठीवर कोणी नाही म्हणून मी देवीपुढे किती पदर पसरलाय, तुला ठाऊक आहे. आपल्या रक्ताचं आहे, त्यात लपवायचं काय?"

ती खाली बसली. लाडू हातातच. मग म्हणाली, "तुम्हाला इतकं सोपं वाटतं?"

"अवघड काय आहे त्यात? मी आहे ना सांभाळायला."

तिने लाडू परत डब्यात ठेवला, झाकण लावलं. "घ्या मग मूठ," म्हणाली. पहिल्या वेळीही ती अशीच होती, गोड नको व्हायचं.

३१ जुलै, गुरुवार

काल-आज गहू निवडले. सारिका म्हणाली, आई, तुम्हाला दिसत नाही, मी निवडते. एकेक खडा काढला. मी मूठ भरून घेत होते. आबांची. भूपेंद्रची. तिसऱ्या मुठीला नाव काय घेऊ, तिला विचारलं. म्हटलं, तू ठरवलंयस का काही?

"मी कशी ठरवणार," ती म्हणाली.

मग मी बाळ म्हटलं आणि मूठ सुपात टाकली. थोडे गहू बाहेर सांडले. तिने एकेक उचलून सुपात घातले. इतकं सांभाळून की मला बरं वाटलं.

वाकू नको म्हटलं. पट्टा तर तिने कधीच काढलाय.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. देवी म्हणून मांडलेल्या नारळाला डोळे, नाक, नथ, सगळं सारिकाने केलं. तिचा हात बारीक कामाला चांगला आहे. तीही हिरवी साडी नेसली, लग्नातली नथ घातली. बाया म्हणाल्या, सारिकावहिनी, बहीण शोभतेस हेमांगीची.

भूपेंद्र आला संध्याकाळी. आता लिहवत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

आज लिहिते. मनात ठेवून उपयोग नाही, कोणाशी बोलू.

काल गाणी चालू होती आणि भूपेंद्र दारात आला. कडेवर पोरगा. दोनेक वर्षांचा, झोपाळलेला, कानाच्या पाळ्या भूपेंद्रसारख्या सुट्या. मी म्हटलं, कोणाचं रे लेकरू, शेजाऱ्याचं? तो म्हणाला, "आई, हा विक्रम. तू मूठ घेतली ना?"

बायांची गाणी चालूच होती. मला ऐकू येईना.

सारिका नारळाजवळ उभी होती, दिव्याच्या उजेडात. भूपेंद्रने तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, मला ते दिसलं. तिने मान थोडी वर धरली होती, फोटो काढताना धरतात तशी. तो म्हणाला, "तब्येत सुधरली तुझी." आणि चपला काढायला वाकला.

बास. एवढंच म्हणाला.

पोरगा खाली उतरून माझ्याकडे आला, त्याने माझं बोट धरलं. खोटं कशाला लिहू, मला माया आली. पोटातून आली. त्याच वेळी सारिकाकडे बघितलं आणि मला एकेक सगळं आठवलं, लाडू, मूठ, आपल्या रक्ताचं आहे, मी आहे ना सांभाळायला. मी तिला काय बोलले होते. तिने ते काय म्हणून ऐकलं होतं.

आज सकाळी कानबाईला नदीवर नेलं, नारळ परत आणला. सारिका बायांबरोबर फुगडीसुद्धा खेळली. दुपारी सगळे रोट खायला बसलो. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. सारिका वाढत होती. सगळ्यांना वाढलं, पोराच्या रोटाचा तुकडा मोडून दुधात भिजवून दिला. मग भिंतीला टेकून बसली. तिच्या ताटात नुसता भात.

आबा म्हणाले, "सारिका, तुझा रोट?"

"आबा, रोट घरच्यांचा."

"मंग तू कोनी?"

"मी मुक्ताईनगरच्या छगन पाटलांची मुलगी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दिल्या लेकीला रोट देत नाहीत. आईंनीच शिकवलं मला, लग्न झाल्यावर पहिल्याच कानबाईला."

भूपेंद्र म्हणाला, "तमाशा नको करू, देवी घरात शे."

"म्हणूनच खोटं खात नाही," ती म्हणाली.

मी ताटावरून उठले. उठायचं नसतं, पण उठले. तिच्याजवळ गेले. "सारिका, मला वाटलं तुझंच. मला वाटलं तुझ्याच पोटात... देवीशपथ, त्या दिवशी लाडू दिला तो तुला दिला होता."

 मग तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं, त्या नव्या गालावरून.

"आई, त्या पट्ट्याखाली सुईच्या खुणा होत्या हो," ती म्हणाली. "दुसरं काही नव्हतं."

हेमांगी उठली, आईजवळ जाऊन बसली. तिनेही आपला रोट दूर सारला.

"तुले बी माहीत होतं?" मी आबांना विचारलं. आज पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. आबा म्हणाले, डेपोतल्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. तुला सांगून काय, तू आनंदात होतीस.

९ ऑगस्ट, शनिवार

आज पौर्णिमा. तिच्या आत रोट संपवायचे असतात. संपत नाहीत. भूपेंद्र पोराला घेऊन नरडाण्याला परत गेला, आबा आणि मी दोघं खातोय. घशाखाली उतरत नाही, टाकताही येत नाही.

सारिका आणि हेमांगी परवा गेल्या. माहेरी नाही गेली. भुसावळला शाळा मिळाली तिला, रेल्वेच्या वसाहतीजवळ. ती आधीच बघून ठेवली होती म्हणे, जून महिन्यात. म्हणजे गाल भरायच्या आधीच. ती दोन्हीची तयारी करत होती. तो आला तर राहायची, नाही आला तर जायची.

जाताना पाया पडली. मी म्हटलं, अखंड सौभाग्यवती. सवयीने तोंडातून गेलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. विक्रम आणि त्याची आई इथे येऊन राहिलेत. बाई वाईट नाही, स्वयंपाक बरा करते, मला आई म्हणते. पोरगा माझ्याशिवाय झोपत नाही. मी त्याला थोपटते आणि डोळे मिटून घेते. काय करू, ते लेकरू आहे.

आज सारिकाची शेवटची तपासणी होती जळगावला. तिने मला फोन केला नव्हता, हेमांगीने केला. मी दवाखान्यात जाऊन बसले. ती आली, मला बघून थबकली, मग शेजारी येऊन बसली. पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. माझा नवरात्राचा उपास तिच्या लक्षात होता.

दिपमाला डॉक्टरणीने गाल दाबून बघितले. फार खूश झाली. "छान धरली. इतकी क्वचित राहते," म्हणाली. संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, आधीचा आणि आजचा. "बघा ताई, फरक बघा."

सारिका आजच्या फोटोकडे बघेना. ती आधीच्याच फोटोकडे बघत राहिली, खड्डे पडलेल्या. मग मला म्हणाली, "आई, किती वाट बघत होती हो ही."

डॉक्टरणीला कळलं नाही. तिने विचारलं, घरचे काय म्हणाले? सारिका म्हणाली, "आईंनी सगळ्यात आधी पाहिलं. तुळशीजवळ."

तिला माहीत होतं मी दारात उभी होते.

भूपेंद्रने मला निरोप देऊन पाठवलं होतं. दिवाळीला चार दिवस ये म्हणावं, दोघी एका घरात राहतील, लोक विचारतात, बरं दिसत नाही. वाटेत मी पाठ करत होते कसं सांगायचं. मलाही ती हवी आहे. तिच्या हातचा चहा नाही, घरात तिची चप्पल नाही, मला करमत नाही. ती आली असती तर मी त्या बाईच्या बरोबरीने तिला वाढलं असतं, दोघींना, आणि म्हटलं असतं, घर भरलं.

स्टँडवर भुसावळची गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली. म्हणाली, "आई, काही बोलायचं होतं का? मघापासून तोंड उघडं आहे तुमचं."

म्हटलं, "नाही. रात्री थंडी पडते, खिडकी लावून झोपत जा."

गाडी निघाली. भूपेंद्रला सांगितलं, भेट झाली नाही.